रक्तपेशींतील वेदना व तापमान संवेदी वाहिन्या : जनुक-अभिव्यक्तीचा आकडा कसा वाचावा

डिसेंबर-जानेवारीत रायपूरला पहाटे चांगलीच थंडी पडते. ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीपासून बूढा तलाव काही फार लांब नाही, आणि तलावावर अंघोळीला जाण्याची सवय छत्तीसगडच्या गावांतून अजून टिकून आहे. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर जे दोन-चार नियम बजावून सांगतात, त्यांत हे हमखास असतात : गार पाण्यात उतरू नका, थंडीत अंग उघडे ठेवू नका, पाणी भरपूर प्या. तरीही कधीतरी वेदनेचा झटका येतोच. हाडे, पाठ, छाती यांत अशी कळ उठते की माणूस तास न् तास तळमळतो.

ही वेदना मोजणारी एकही रक्तचाचणी आज नाही. रुग्ण सांगेल तेवढी वेदना, एवढेच माप आहे. आणि रुग्ण सांगतो ते पुष्कळदा खरे धरले जात नाही. शाळेत तो बहाणा ठरतो, घरी आळस, दवाखान्यात इंजेक्शनची सवय.

अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याच्या वाचनात शोधनिबंध येतो. वेदना असलेल्या रुग्णांच्या रक्तपेशींत अमुक वेदना-वाहिनीच्या जनुकाची अभिव्यक्ती दुप्पट आढळली, असे त्यात असते. मन लगेच उडी मारते : म्हणजे आता रक्तावरून वेदना मोजता येईल! या टिपणात आपण ती उडी जरा सावकाश, पायरीपायरीने तपासणार आहोत. दुप्पट म्हणजे नेमके काय दुप्पट झाले, कोणत्या पेशीत झाले, आणि त्याचा वेदनेशी संबंध कुठवर पोहोचतो, हे तीन प्रश्न समोर ठेवा.

वाहिनी आणि तिचे काम

प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ पटल असते. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे आयन त्या पटलातून आपोआप पार होत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात, त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. काही दारे विशिष्ट कारणानेच उघडतात. कोणाला उष्णता लागते, कोणाला गारवा, कोणाला ताण, तर कोणाला एखादे रसायन.

१९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तिखटाच्या झोंबण्यामागची वाहिनी शोधली. मिरचीतील कॅप्सेसिन आणि साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता या दोन्हींनी ती उघडते. तिचे आजचे नाव टीआरपीव्ही१. जेवणात मिरची जास्त झाली की तोंड 'भाजते' असे आपण म्हणतो. तो निव्वळ वाक्प्रचार नाही. उष्णतेची वाहिनी खरोखरच उघडलेली असते. २००२ साली ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे गारव्याची वाहिनी शोधली, टीआरपीएम८. पुदिन्यातील मेंथॉलने ती उघडते. मोहरीच्या झणक्याला प्रतिसाद देणारी टीआरपीए१ हीही याच कुळातली. २०१० साली पॅटापुटियन यांच्या गटाने दाब ओळखणाऱ्या पिएझो१ आणि पिएझो२ या वाहिन्या शोधल्या. त्यासाठी ७२ संशयित जनुके एकेक करून बंद करून पाहिली गेली, आणि यादीतल्या शेवटच्या, ७२ व्या जनुकाशी शोध संपला. दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

टीआरपीव्ही१ ज्या रीतीने सापडली ती नीट पाहा, कारण या टिपणाचा सगळा मुद्दा तिच्यात दडलेला आहे. संशोधकांनी संवेदी चेतापेशींत व्यक्त होणाऱ्या जनुकांचा संग्रह केला आणि ती जनुके थोडी थोडी करून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या वंशातील पेशींत घातली. या पेशी एरवी कॅप्सेसिनला दाद देत नाहीत. योग्य जनुक मिळाल्यावर मात्र कॅप्सेसिन टाकताच त्यांच्यात कॅल्शियम शिरू लागला. आता सांगा, त्या मूत्रपिंडाच्या पेशीला तिखट लागले का? नाही. तिच्यात फक्त दार बसले. दार उघडल्यावर निरोप मेरुरज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे नेणारी तार तिच्याजवळ नव्हतीच.

घरातले विजेचे बटण आठवा. एका घरात ते दाबले की घंटा वाजते, दुसऱ्या घरात त्याच कंपनीच्या बटणावर पाण्याचा पंप सुरू होतो. बटण एकच असते, काम वायरिंगवर ठरते.

रक्तात या वाहिन्या काय करतात

रक्तपेशींना मेंदूकडे जाणारी तार नाही. म्हणून 'रक्तपेशींतील वेदना-वाहिनी' हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. वाहिनीला नाव मिळते ते ती जिथे आधी सापडली तिथल्या कामावरून. टीआरपीएम८ याचे चांगले उदाहरण आहे. गारव्याची वाहिनी म्हणून ती प्रसिद्ध होण्याच्या एक वर्ष आधी, २००१ साली, तिचे जनुक प्रोस्टेट ग्रंथीत आढळले होते. प्रोस्टेटला कसला आलाय हिवाळा?

पांढऱ्या पेशींत यांपैकी काही वाहिन्या खऱ्या अर्थाने राबतात. टीआरपीव्ही२ ही वाहिनी १९९९ साली ५२ अंशांच्या वरच्या उष्णतेची वाहिनी म्हणून मांडली गेली. पुढे ती नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांना उष्णता नेहमीसारखीच कळत होती. याउलट २०१० साली दिसले की मॅक्रोफेज पेशी जंतूला गिळायला सुरुवात करते तेव्हा तिला टीआरपीव्ही२ लागते. थोडक्यात, नावाने उष्णतेची असलेली ही वाहिनी कामाने रोगप्रतिकाराची निघाली.

टीआरपीएम२ न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट पेशींत भरपूर असते. पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आला, हायड्रोजन पेरॉक्साइड वाढले, की ती उघडण्याकडे झुकते आणि दाहाचे रासायनिक निरोप सोडायला मदत करते. शरीराच्या तापमानाच्या आसपास ती उष्णतेलाही संवेदनशील आहे, त्यामुळे तापात तिचे वागणे बदलत असावे हा तर्क रास्त वाटतो. टीआरपीव्ही१ चे प्रमाण रक्तात कमी असते, पण २०१४ साली सीडी४ प्रकारच्या टी-पेशींत ती कॅल्शियमच्या प्रवाहाला आणि त्या पेशींच्या जागृत होण्याला हातभार लावते असे दाखवले गेले. टीआरपीएम८ चा संदेश मात्र रक्तपेशींत अत्यंत क्षीण असतो. थंडीत सिकलसेलचा रुग्ण कळवळतो त्याचे उत्तर रक्तातल्या टीआरपीएम८ मध्ये शोधायला जाऊ नका. त्वचेतील चेतातंतू आणि थंडीने आकसणाऱ्या रक्तवाहिन्या हे त्याचे अधिक योग्य पत्ते आहेत.

इथे एक शंका येईल. रक्त तर ३७ अंशांवर असते, मग ४३ अंशांची वाहिनी तिथे उघडणार कशी? हा उंबरठा पक्का नसतो. आम्लता वाढली किंवा दाहाची रसायने जमली की टीआरपीव्ही१ चा उंबरठा खाली सरकतो, शरीराच्या तापमानापर्यंतही येऊ शकतो. सुजलेल्या जागेवर कोमट पाणीही चटका देते ते यामुळेच.

जनुक असणे आणि जनुक व्यक्त होणे

छत्तीसगड आणि विदर्भातल्या वाचकाला सिकलसेलची तपासणी नवी नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून शाळा-आश्रमशाळांत शिबिरे होतात. रायपुरात या आजारासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्थाही आहे. शिबिरातली तपासणी नेमका काय प्रश्न विचारते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदलले आहे का, ए च्या जागी टी आले आहे का. त्यामुळे साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. या प्रश्नाचे उत्तर जन्मभर बदलत नाही. सकाळी तपासा, रात्री तपासा, तापात तपासा, जनुकातले अक्षर तेच राहील.

जनुक-अभिव्यक्तीचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या यकृताच्या पेशीत, त्वचेच्या पेशीत आणि टी-पेशीत टीआरपीव्ही१ चे जनुक सारखेच आहे. प्रत्येक पेशी त्याची किती नक्कल काढते, म्हणजे किती संदेशक आरएनए बनवते, हे मात्र पेशीगणिक आणि तासागणिक बदलते. म्हणून 'जनुक सापडले' आणि 'जनुकाची अभिव्यक्ती वाढली' ही दोन वाक्ये एकाच धाटणीची वाटली तरी त्यांची किंमत सारखी नाही. पहिले वाक्य स्वभावाबद्दल आहे, दुसरे त्या क्षणाच्या मनःस्थितीबद्दल. परीक्षेत विद्यार्थी इथे हटकून घोळ घालतात.

संदेशक आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलेच असेही नाही. तो संदेश वाचला जायला हवा, प्रथिन घडायला हवे, ते पटलापर्यंत पोहोचायला हवे आणि तिथे उघडता यायला हवे. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर गळती होते.

तांबड्या पेशीची गोष्ट निराळी

प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रक नसते. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याच्या सुमारास ती ते टाकून देते आणि पुढचे सुमारे १२० दिवस केंद्रकाविना जगते. म्हणजे तिच्यात नवी जनुक-अभिव्यक्ती होऊच शकत नाही. तिच्या पटलावरच्या वाहिन्या ही मज्जेत असताना बांधून घेतलेली शिदोरी असते. कोणी तुम्हाला 'प्रौढ तांबड्या पेशीतील जनुक-अभिव्यक्ती' मोजल्याचे सांगितले, तर नमुन्यात आणखी कोणत्या पेशी होत्या हे आधी विचारा.

बहुधा उत्तर येईल : रेटिक्युलोसाइट. मज्जेतून नुकत्याच आलेल्या या कोवळ्या तांबड्या पेशींत उरलासुरला आरएनए एक-दोन दिवस टिकतो. निरोगी माणसात त्या एक टक्क्याच्या आसपास असतात. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते, मज्जा भरपाईसाठी राबत राहते, आणि रेटिक्युलोसाइट दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकतात. आता पिएझो१ सारखे एखादे जनुक घ्या, जे तांबड्या पेशी घडताना व्यक्त होते. रुग्णाच्या रक्तात त्याचा संदेश कितीतरी पट जास्त दिसेल. प्रत्येक पेशीने मात्र रेसभरही जास्त काम केलेले नसेल. कोवळ्या पेशींचे डोके मोजणे तेवढे वाढलेले असेल.

तांबड्या पेशीत वाहिनी आहे का हे बघायचे तर आरएनए सोडून प्रथिनाकडे आणि कामाकडे वळावे लागते. प्रतिपिंड वापरून प्रथिन शोधता येते. कॅल्शियमला चमकणारा रंग पेशीत भरून वाहिनी उघडते का तेही पाहता येते. २०२१ साली माणसाच्या आणि उंदराच्या तांबड्या पेशींत टीआरपीव्ही२ हजर आणि कार्यरत असल्याचे दाखवले गेले ते अशाच मार्गाने.

दुप्पट हा आकडा कुठून येतो

प्रयोगशाळेत रक्तातून आरएनए काढतात, त्यावरून डीएनएची प्रत बनवतात आणि पीसीआर यंत्रात तिचे चक्रामागून चक्र दुपटीकरण करतात. चमक ठराविक पातळीला कितव्या चक्रात पोहोचली, त्या संख्येला सीटी मूल्य म्हणतात. (सीटी स्कॅनशी याचा काही संबंध नाही.) संदेश जितका जास्त तितके कमी चक्रांत काम होते, म्हणून सीटी कमी म्हणजे अभिव्यक्ती जास्त. हे उलटे नाते पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळवते.

समजा, निरोगी व्यक्तीच्या रक्तात टीआरपीव्ही१ चे सीटी ३३ आले आणि तुलनेसाठी घेतलेल्या जीएपीडीएच या नेहमी व्यक्त होणाऱ्या जनुकाचे १९. फरक १४ चक्रांचा. प्रत्येक चक्रात दुप्पट धरले तर टीआरपीव्ही१ चा संदेश जीएपीडीएचच्या २ चा १४ वा घात, म्हणजे १६,३८४ पटींनी कमी आहे. रुग्णाच्या रक्तात टीआरपीव्ही१ चे सीटी ३२ आणि जीएपीडीएचचे १९ आले, तर फरक १३. एका चक्राने घटला, म्हणून अभिव्यक्ती 'दुप्पट'.

म्हणजे शीर्षकातला तो दणदणीत 'दुप्पट' शब्द एका चक्राच्या फरकावर उभा आहे. सीटी ३५ च्या पुढे गेले की नळीत मूळ प्रती मोजक्याच उरतात, आणि एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांत नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडू शकतो. रक्तातल्या टीआरपी कुळातील बऱ्याच जनुकांची गाठ याच धूसर प्रदेशाशी असते. म्हणून निबंध हातात घेतल्यावर मी आधी सीटीचे मूळ आकडे शोधतो. ते दिलेले नसतील तर बाकीचा निबंध थोडा संशयानेच वाचतो.

तुलनेचे जनुक हाही कच्चा दुवा आहे. जीएपीडीएच सगळ्या पेशींत सारखे असते हे गृहीतक सोयीचे आहे, पण पेशीचा प्रकार आणि तिची चयापचयाची स्थिती यांनुसार तेही हलते. म्हणून दोन-तीन तुलनेची जनुके घ्यावीत.

मिश्रणाचा घोटाळा

सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू. रक्त ही एक ऊती असली तरी पेशी अनेक प्रकारच्या आहेत. समजा एखादे जनुक फक्त मोनोसाइटमध्ये व्यक्त होते. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींत मोनोसाइट पाच टक्के आहेत, रुग्णात दहा. एका मोनोसाइटमधला संदेश तोच राहिला तरी एकूण नमुन्यात तो दुप्पट दिसेल आणि सीटी बरोबर एकने घसरेल. वरच्या उदाहरणातला निकाल आणि हा निकाल यंत्राला एकसारखाच दिसतो.

सिकलसेलमध्ये हे केवळ कल्पनेतले उदाहरण राहत नाही. या रुग्णांत पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, स्थिर काळातही वाढलेल्या असतात. तीव्र वेदनेत अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, त्यांनी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि संख्या आणखी चढते. न्यूट्रोफिलमध्ये टीआरपीएम२ आहेच. म्हणजे वेदनेच्या दिवशी काढलेल्या रक्तात टीआरपीएम२ वाढलेले दिसणार, आणि त्याचा वेदनेच्या संवेदनेशी काडीचाही संबंध नसू शकतो. उलट हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या रुग्णात न्यूट्रोफिल घटतात. तिथे हाच आकडा खाली येईल, आणि औषधाने 'वेदना-वाहिनी दबली' असा निष्कर्ष कोणीतरी काढेल. रुग्णाच्या वेदना कमी होतीलही, पण मुख्यतः गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढल्यामुळे.

तांबड्या पेशींच्या बाजूनेही त्रास असतोच. अख्ख्या रक्तातून काढलेल्या संदेशक आरएनएमध्ये निम्म्याहून अधिक वाटा नुसत्या ग्लोबिनचा असू शकतो. त्या गर्दीत क्षीण संदेश बुडतात. म्हणून काही प्रयोगशाळा ग्लोबिनचा आरएनए आधी काढून टाकतात, तर काही रक्त घनतेनुसार वेगळे करून फक्त लिम्फोसाइट-मोनोसाइटचा थर घेतात. दुसऱ्या पद्धतीत न्यूट्रोफिल जवळजवळ सगळे वगळले जातात. दोन निबंधांचे निकाल जुळत नसतील तर आधी हे बघा की एकाने कदाचित अख्खे रक्त मोजले असेल आणि दुसऱ्याने त्यातला एक थर.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. रक्त नळीत गेल्यावरही पेशी जिवंत असतात आणि परिस्थितीला प्रतिसाद देत राहतात. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर. मे महिन्यात साध्या नळीत घातलेले रक्त गाडीतून इतके अंतर आले, तर प्रयोगशाळेत पोहोचेल ती त्या प्रवासाची अभिव्यक्ती. तापमान-संवेदी वाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्यानेच नमुना उन्हात तापवावा, यापरता विनोद नाही. आरएनए जागच्या जागी गोठवणाऱ्या रसायनाच्या नळ्या मिळतात. त्या महाग आहेत, पण त्यांच्याशिवाय असा अभ्यास हाती घेऊ नये.

जिथे रक्तपेशीतली वाहिनी खरोखर दोषी आहे

इतका संशय पेरल्यावर उलट बाजूचेही सांगायला हवे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीच्या पटलावरच्या वाहिन्या आजाराच्या मुळाशी गुंतलेल्या आहेत, फक्त त्या वेदना 'ओळखत' नाहीत, वेदना घडवायला मदत करतात.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. केशवाहिनीत तिला अंग आकसून शिरावे लागते. त्या ताणाने पिएझो१ उघडते आणि थोडा कॅल्शियम आत येतो. कॅल्शियममुळे दुसरी वाहिनी उघडते. ती हंगेरीचे ग्यॉर्गी गार्डोश यांनी १९५८ साली वर्णिलेल्या परिणामावरून गार्डोश वाहिनी म्हणून ओळखली जाते. तिच्यातून पोटॅशियम बाहेर जातो, मागोमाग पाणी जाते, आणि पेशी जराशी सुकते. निरोगी पेशीला याने काही बिघडत नाही. सिकलसेलच्या पेशीत मात्र पाणी घटले की हिमोग्लोबिन दाटते, आणि दाटलेले सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजन कमी होताच फार झपाट्याने दोऱ्यांसारखे जुळते. पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते, बारीक वाहिन्यांत अडकते. रक्त न पोहोचलेल्या हाडात जी कळ उठते ती चेतातंतूंनी ओळखलेली असते, पण तिची सुरुवात या दोन वाहिन्यांच्या खेळात होते. 'पाणी भरपूर प्या' या साध्या सल्ल्यामागे हेच रसायन आहे.

२०१२ साली पिएझो१ मधील काही उत्परिवर्तनांमुळे तांबड्या पेशी सुकण्याचा एक आनुवंशिक आजार होतो हे कळले. त्या उत्परिवर्तनांत वाहिनी जास्त वेळ उघडी राहते. २०१८ साली आफ्रिकी वंशाच्या सुमारे एक-तृतीयांश लोकांत आढळणारा पिएझो१ चा एक सौम्य प्रकार समोर आला आणि हिवतापाच्या परोपजीवीला अशा पेशीत नीट वाढता येत नाही असे प्रयोगशाळेत दिसले. सिकलसेलचे जनुकही वाहकांना हिवतापापासून काहीसे वाचवते म्हणूनच टिकले. बस्तर-गडचिरोलीच्या वाचकाला हे वेगळे समजावायला नको.

मग गार्डोश वाहिनी बंद केली तर? तसे औषध बनले, सेनिकापॉक नावाचे. रुग्णांना दिल्यावर पेशींचे मोडणे खरोखर घटले आणि हिमोग्लोबिन वाढले. वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत, आणि मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निकाल २०११ साली छापून आले. रक्तातला आकडा सुधारला, माणसाचे दुखणे तेवढेच राहिले.

चेतातंतूंच्या बाजूनेही पुरावा आहे. २०११ साली सिकलसेलच्या उंदरांवर केलेल्या अभ्यासात टीआरपीव्ही१ रोखल्यावर त्यांची स्पर्शाला होणारी अतिसंवेदना कमी झाली. २०१३ साली सिकलसेलच्या रुग्णांची त्वचा निरोगी माणसांपेक्षा गार आणि गरम दोन्ही स्पर्शांना लवकर दुखरी होते असे मोजून दाखवले गेले. या दोन्ही अभ्यासांत मुख्य पात्र रक्तपेशी नव्हती. टीआरपीव्ही१ माणसात सरसकट रोखण्याचे प्रयत्न याआधी दुसऱ्या दुखण्यांसाठी झाले होते. त्यांत काही स्वयंसेवकांना ताप चढला, कारण हीच वाहिनी शरीराचे तापमान सांभाळण्यातही सहभागी आहे.

रक्त आरसा होऊ शकते का

होऊ शकते, पण कसा ते नीट समजून घ्या. २०१४ साली २५ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या दोघांची जनुके तीच, पण उष्णतेची वेदना सोसण्याची मर्यादा वेगळी होती. त्यांच्या रक्तातल्या डीएनएवर टीआरपीए१ च्या नियंत्रक भागात मिथिल-खुणांचे प्रमाण वेदना-मर्यादेशी जुळते असे आढळले. रक्तपेशींना वेदना होत होती असा याचा अर्थ नाही. एखादी खूण शरीराच्या अनेक ऊतींत एकदम उमटत असेल, तर रक्तात ती आपल्याला सहज वाचता येते, इतकाच अर्थ आहे. चेतापेशी काढून तपासता येत नाहीत, रक्त काढता येते. पण दोन गोष्टी जुळतात यावरून एकीने दुसरी घडवली हे ठरत नाही, आणि गटात जुळणारा आकडा एका रुग्णाबद्दल फारसे सांगू शकत नाही.

तुम्ही स्वतः असा अभ्यास आखणार असाल तर एकाच रुग्णाचे रक्त झटक्यात आणि स्थिर काळात, दिवसाच्या त्याच वेळी घ्या, म्हणजे तो स्वतःच स्वतःची तुलना होईल. त्याच नळीबरोबर पेशींची पूर्ण मोजणी आणि रेटिक्युलोसाइटची संख्या नोंदवा. चालू औषधे लिहा. शक्य असेल तर पेशी प्रकारवार वेगळ्या करून मोजा. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याची तंत्रे आता आहेत, पैसे मात्र लागतात. आणि आरएनएवर थांबू नका, निदान एका वाहिनीचे प्रथिन आणि कॅल्शियमचा प्रवाह दाखवा.

या सगळ्याची घाई झाली तर नुकसान कोणाचे, हेही लक्षात असू द्या. अर्धीकच्ची 'वेदना-चाचणी' दवाखान्यात आली, तर जिचा आकडा सामान्य आला ती मुलगी कळवळत असतानाही खोटी ठरेल. आज निदान तिला विचारले तरी जाते. शून्य ते दहाच्या पट्टीवर बोट ठेवायला सांगतात, लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात, कुठे दुखते आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त का, हे तिच्या भाषेत विचारून केसपेपरवर लिहितात.